कपाटामागची वायर

१

घरगाडीत दोन बॅटऱ्या असतात, हे मला गिऱ्हाइकांना दर वेळी नव्याने सांगावं लागतं. एक इंजिनची, गाडी चालू करण्यापुरती. दुसरी घराची. दिवे, पंखा, पाण्याचा पंप, छोटा फ्रीज, सगळा संसार तिच्यावर. गाडी चालत असताना इंजिन आधी आपल्या बॅटरीचं पोट भरतं आणि मग एक रिले ‘टक’ करून उरलेली वीज घराच्या बॅटरीकडे वळवतो. घराची बॅटरी भरत नाही अशी तक्रार आली, की दहातल्या आठ वेळा दोष गंजलेल्या अर्थिंगचा, नाहीतर त्या रिलेचा असतो. उरलेल्या दोन वेळा गिऱ्हाईक काहीतरी चालू ठेवून विसरलेलं असतं आणि कबूल करत नाही.

आमच्या गॅरेजात इंजिनचं काम दादा करतो, विजेचं मी. दादा म्हणतो, "माझं काम हात काळे करायचं, तुझं काम न दिसणाऱ्याशी भांडायचं." एकवीस वर्षं भांडते आहे. बहुतेक वेळा जिंकते.

ती गाडी एका मंगळवारी सकाळी आली. पंचवीसेक वर्षांची, मूळची पांढरी, आता पिवळसर पडलेली. चालवत काकू होत्या, शेजारी काका. दोघंही सत्तरीचे. काकांनी जन्मभर जमिनी मोजायची नोकरी केलेली. निवृत्त झाल्यावर राहतं घर लेकीला दिलं आणि दोघं या गाडीत राहायला आले. काका थांबून थांबून बोलायचे. तीन छोटे श्वास, मग जरा दम, मग पुढचं वाक्य. फुप्फुसं थकली होती. रात्री तोंडावर मास्क लावून श्वासाचं मशीन चालवावं लागे, आणि ते मशीन चालायचं घराच्या बॅटरीवर.

"बॅटरी पहाटे मान टाकते," काका म्हणाले. "मशीन बंद पडलं की मी... घामाघूम होऊन उठतो. एखाद्या दिवशी... उठणार नाही."

उद्या ऊन पडेल असं सांगावं, तसं त्यांनी हे सांगितलं. काकू खिडकीबाहेर बघत होत्या.

मी इंजिन चालू करून मीटर लावला. इंजिनच्या बाजूला सव्वाचौदा व्होल्ट, घराच्या बॅटरीवर जेमतेम तेरा. मधल्या मध्ये सव्वा व्होल्ट गळत होता. रिलेचे पॉइंट काळे पडलेले, अर्थिंगची पट्टी हिरवीगार. दोन्ही बदलले. चौदा आले. काकांनी खिशातली वही काढून आकडा टिपून घेतला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "कामाची पोर आहेस," म्हणाले. मला बरं वाटलं. काकूंनी मात्र माझ्याकडे न बघता नमस्कार केला आणि गाडी काढली.

२

नवव्या दिवशी गाडी परत दारात. मधल्या काळात काकांनी बॅटरीही कोरी करकरीत बसवून घेतली होती. त्यांची वही बघितली. संध्याकाळी बारा पूर्णांक सात, म्हणजे पोट भरलेलं. पहाटे अकरा पूर्णांक तीन, म्हणजे उपाशी. रोज तेच.

एवढी वीज एका मशीनने खाणं शक्य नव्हतं. मशीन किती वीज खातं ते मला ठाऊक होतं. कोणीतरी रात्रभर आणखी काही चालवत होतं.

काकू हात धुवायला नळाकडे गेल्या तशी काकांनी मला जवळ बोलावलं.

"पोरी, चाळीस वर्षं संसार केलेल्या बायकोवर संशय घ्यायचा म्हणजे... आपलीच आपल्याला लाज वाटते. पण पहाटे कपाटाचं दार वाजतं. ही उठलेली असते. मी विचारलं तर म्हणते... तुम्हाला भास झाला. तू बघ. फक्त तिला... विचारू नकोस."

मी मान डोलावली. पाच मिनिटांनी बादली शोधायच्या निमित्ताने नळाकडे गेले, तर काकू तिथेच उभ्या होत्या. नळ बंद होता, हात कोरडे झाले होते.

"ह्यांनी तुला काय सांगितलं ते विचारत नाही," त्या म्हणाल्या. "तू असं कर, आणखी दोन बॅटऱ्या बसव. पहाटेपर्यंत पुरलं की झालं. दोष शोधत बसू नकोस."

"काकू, कारण सापडल्याशिवाय नुसत्या बॅटऱ्या वाढवून काय उपयोग?"

"कारण सापडून तरी काय उपयोग?" असं म्हणून त्या गाडीकडे गेल्या.

आजवर अनेक गिऱ्हाइकं बघितली. दोष सापडू नये असं वाटणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच बघत होते. आणि त्या दोषापायी जीव कुणाचा जाणार होता, तर नवऱ्याचा. मी त्या दिवसापासून काकूंच्या हातांवर नजर ठेवायला लागले.

३

गाडी दोन दिवस ठेवून घेतली. म्हातारा-म्हातारी गाडीतच राहणार होती, त्यांना दुसरं घर नव्हतं. आमच्या आवारातल्या झाडाखाली गाडी लावली.

आधी मी मशीनच तपासलं. काकांना मास्क लावायला सांगितलं आणि वायरीभोवती क्लॅम्प मीटर अडकवला. हा मीटर म्हणजे एक चिमटा असतो. वायर न कापता आतून किती वीज वाहते ते सांगतो. काकांनी श्वास घेतला की आकडा दोन पूर्णांक दोनवर जायचा, सोडला की एक पूर्णांक सहावर उतरायचा. साहजिक आहे. श्वास घेताना मशीनला जोर लावावा लागतो. चार-चार सेकंदांचा खेळ. मशीन उत्तम होतं.

मग ते काढून मेजावर ठेवलं. गाडीतलं एकेक बटण बंद केलं. फ्रीजही बंद केला. शेवटी फ्यूजच्या डबीतून सगळे फ्यूज उपटून रुमालावर ओळीने मांडले. आता बॅटरीतून काहीही जायला नको होतं. बॅटरी दारालगतच्या बाकाखाली होती. तिच्या मुख्य टर्मिनलच्या वायरींभोवती मीटर अडकवला आणि आकडा शून्यावर यायची वाट बघत बसले.

एक पूर्णांक सहा.

मग दोन पूर्णांक दोन.

मग पुन्हा एक पूर्णांक सहा.

मी मेजावरच्या मशीनकडे बघितलं. त्याची वायर मीच गुंडाळून वर रबर लावला होता. काका खाली झाडाजवळ खुर्ची टाकून वही चाळत होते.

मनाला म्हटलं, मीटरचे सेल उतरले असतील. सेल बदलले. फरक नाही. दादाचा मीटर आणला. दादाने विचारलं, "तुझ्या मीटरला काय झालं?"

"श्वास लागलाय त्याला," मी म्हटलं. दादा हसला. मीही हसले.

दुसऱ्या मीटरवर तेच आकडे. मी मनगटावरचं घड्याळ समोर धरलं. वर जायला चार सेकंद, खाली यायला चार. मधेच तीन वेळा आकडा भरभर हलायचा आणि क्षणभर थबकायचा. ते थबकणं मला ओळखीचं वाटलं. खिडकीतून काकांकडे बघितलं. त्यांची छाती तीनदा भरभर हलली आणि थबकली. त्याच वेळी माझ्या हातातला आकडाही थबकला.

योगायोग म्हणून मी आणखी दहा मिनिटं मोजलं. मग मीटर खाली ठेवला आणि टॉर्च घेतला.

४

फ्यूज काढूनही वीज जात होती, याचा अर्थ कोणीतरी फ्यूजच्या आधीच, थेट टर्मिनलवरून वायर घेतली होती. इतकं तरी माझ्या हातातलं काम होतं. बाकाखाली झोपून टॉर्च मारला. सगळ्या वायरींच्या खालून एक जाड वायर निघत होती. कंपनीची नव्हती. वरती कापडाचं वेष्टण, जुन्या इस्त्रीच्या वायरीला असायचं तसं. हाताला कोमट लागली.

ती जमिनीच्या कडेने, पट्टीखालून मागे जात होती. मी गुडघ्यांवर रांगत तिच्या मागोमाग गेले. मोरी मागे पडली, पलंग मागे पडला. गाडीच्या अगदी शेवटी कपड्यांचं कपाट होतं. त्याच्या तळातून वायर वर आली होती आणि पाठीमागच्या फळीतल्या, जेमतेम दोन बोटं मावतील अशा भोकातून पलीकडे गेली होती.

पलीकडे म्हणजे कुठे? कपाटामागे गाडीची मागची भिंत, आणि भिंतीमागे आमचं आवार.

मी खाली उतरले आणि टेप घेऊन गाडी बाहेरून मोजली. सहा मीटर दहा. आत येऊन टोकापासून टोकापर्यंत मोजली. भिंतींची जाडी धरूनही पाच मीटर साठ. अर्धा मीटर गायब होता. दोनदा मोजलं. अर्धा मीटर म्हणजे काही फार नाही. एक माणूस कुशीवर झोपेल, एवढंच.

मी कपाट उघडून हँगर बाजूला सारायला लागले, तोच मागून काकूंचा आवाज आला.

"कपड्यांना हात लावू नकोस."

त्या ओरडल्या नाहीत, पण मी हात काढून घेतला. त्या पुढे येऊन कपाट आणि मी यांच्या मध्ये उभ्या राहिल्या. एवढ्याशा बाई, पण त्यांना हलवायची माझी छाती झाली नाही.

"आत काय आहे?" मी विचारलं.

"कपाट आहे."

"कपाटामागे?"

त्यांनी पदराने कपाळ पुसलं. "ह्यांची दुपारची झोप झाली की बोलू," म्हणाल्या.

५

मी मात्र थांबले नाही. आज वाटतं, थांबायला हवं होतं. पण तेव्हा माझा संशय पक्का झाला होता. बाईने कपाटामागे काहीतरी दडवलंय, त्यावर रात्रभर वीज जाळते आहे आणि नवऱ्याचा श्वास तोडते आहे. का, ते मला ठाऊक नव्हतं. मी इलेक्ट्रिशियन आहे, पोलीस नाही. पण वायर सोडवणं माझ्या हातात होतं.

दुपारी काका पलंगावर आडवे झाले. दुपारच्या डुलकीला ते मशीन लावत नसत. काकू त्यांच्या पायाशी शिवण घेऊन बसल्या होत्या. मी बाकाखाली पाना लावला, नट सैल केला आणि कापडी वायर टर्मिनलवरून उचलली.

मीटर शून्यावर आला. मला वाटलं, जिंकले.

मग लक्षात आलं, की गाडी फार शांत झाली आहे. काकांचं घोरणं थांबलं होतं. मी डोकं वर काढून बघितलं. काका उताणे झोपले होते, तोंड थोडं उघडं होतं. छाती हलत नव्हती. मी ती हलायची वाट बघितली. काकूंनी शिवण खाली ठेवलं. नवऱ्याकडे न बघता त्या माझ्याकडे बघत होत्या.

"लाव परत," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

माझ्या हातून पाना सुटला. तो शोधण्यात किती सेकंद गेले माहीत नाही. शेवटी वायर नुसती बोटांनीच टर्मिनलवर दाबून धरली. एक ठिणगी उडाली. पलंगावरून मोठा, खोल श्वास ऐकू आला, पाण्याखालून माणूस वर यावा तसा. मग तीन छोटे श्वास. मग घोरणं.

नट आवळून होईपर्यंत काकू थांबल्या. नंतर मला बाहेर झाडाखाली घेऊन गेल्या.

"गाडी घेतली तेव्हापासून ती वायर आहे," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, जुनं काहीतरी असेल. जमीन पुसताना मध्ये येते म्हणून एकदा मीच उपटली होती. अर्धा तास तशीच होती. ह्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं गेली. त्याआधी हे डोंगर चढायचे."

"आणि पहाटे तुम्ही कपाट उघडता?"

"कान लावते. आत चालू आहे ना, एवढंच बघते."

"काय चालू आहे?"

काकूंनी गाडीकडे बघितलं. "चाळीस वर्षं एकाच माणसाचं घोरणं ऐकलंय मी," त्या म्हणाल्या. "पलंगावर ऐकते, मग तिथे जाऊन ऐकते. दोन्हींत काडीचा फरक नाही."

मी काकांना सांगितलं, की एक जुनी वायर गळत होती आणि आता बंदोबस्त केला आहे. त्या वायरीसाठी वेगळी मोठी बॅटरी बसवली, दोन्ही बॅटऱ्या भरतील असा चार्जर दिला. तुमचा संशय चुकीचा होता, हेही सांगितलं. काकांचे डोळे भरून आले. त्यांनी काकूंना हाक मारली आणि मला जायची खूण केली. दोघांत काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही.

६

पुढचे तीन आठवडे काकांचा रोज सकाळी फोन यायचा. आकडा सांगायचे, दम घ्यायचे, ठेवून द्यायचे. बारा पूर्णांक पाच. बारा पूर्णांक सहा. मशीन एकदाही बंद पडलं नाही. मी त्या अर्ध्या मीटरचा विचार करणं हळूहळू सोडून दिलं. दादाला अर्धवट सांगितलं होतं. तो म्हणाला, "म्हाताऱ्या माणसांच्या झोपेत श्वास अडकतो. तू नेमका त्याच वेळी पाना फिरवलास, एवढंच." मला हे पटवून घ्यायचं होतं, मी पटवून घेतलं.

मग चार दिवस फोन आला नाही. पाचव्या दिवशी सकाळी गाडीच आली.

चालवत काका होते.

दार उघडून ते टुणकन उतरले. गाल वर आले होते. "कशी आहेस, पोरी? अगं, जादू केलीस तू. मशीन लागतच नाही आता. रात्रभर गाढ झोपतो, सकाळी चार किलोमीटर चालून येतो. म्हटलं, ते मशीनचं सॉकेट आणि ती जास्तीची बॅटरी काढून टाकावी. उगाच जागा अडवतात."

सगळं एका दमात. मधे एकदाही थांबले नाहीत.

"छान झालं," मी म्हटलं. दादा बाहेर आला. काकांनी बॉनेट उघडायला लावलं आणि इंजिनबद्दल गप्पा सुरू केल्या. दादाला असं गिऱ्हाईक फार आवडतं. दोघं मोठमोठ्याने हसत होते.

काकू खाली उतरल्या नाहीत. मी हत्यारांची पिशवी घेऊन आत गेले, तर त्या पलंगाच्या कडेला बसलेल्या. डोळ्यांखाली काळं. त्यांनी माझं मनगट पकडलं.

"ती वायर तू कापलीस?"

"वायर? मी नाही कापली."

"मीही नाही," त्या म्हणाल्या. "माझं नाव बरोबर घेतात. लेकीचा वाढदिवस ठाऊक आहे. चहात साखर किती, तेही ठाऊक आहे. कुठे म्हणून बोट ठेवायला जागा नाही. पण रात्री माझ्याकडे तोंड करून झोपतात. डोळे मिटून. आणि झोपलेले नसतात."

मी बाकाखाली मीटर लावला. शून्य. दोन्ही बॅटऱ्या काठोकाठ भरलेल्या. गाडी इतकी निर्दोष मी कधीच बघितली नव्हती.

७

कपाट उघडलं. कपडे काढून टाकलेले होते. मागची फळी चारी बाजूंनी नव्याने आवळली होती. स्क्रूंची डोकी दिसत नव्हती. माझ्या बाजूला फक्त टोकं आली होती, अणकुचीदार. स्क्रू पलीकडून, आतल्या बाजूने मारलेले होते.

कापडी वायर भोकाच्या अलीकडे, बोटभर अंतरावर तोडलेली होती. पलीकडचा तुकडा आत ओढला गेला होता. भोकात नुसता काळोख.

मी भोकाला कान लावला. तीन छोटे श्वास. मग थबकले. बराच वेळ थबकले. मग पुन्हा दोन.

बाहेर दादा म्हणाला, "काका, तुम्ही तर पंचवीस वर्षांनी तरुण झालात." काका हसले.

"काकू," मी कुजबुजले, "उतरा खाली. आमच्या घरी चला. आत्ताच्या आत्ता."

त्यांनी कपाटाकडे बघितलं. "आणि मग ह्यांच्याजवळ कोण?"

मी फळी चाचपली. फळी फोडायला पहार लागली असती, आणि पहार बाहेर होती, बॉनेटपाशी, त्या बाहेरच्या काकांच्या हाताजवळ. मी वायरीचं अलीकडचं टोक सोललं. तांबं पिळून वळवलं. पण जोडायचं कशाला? मी भोकाशी तोंड नेऊन, जेमतेम ऐकू जाईल असं म्हटलं, "काका, वायर."

काही वेळ काहीच झालं नाही. मग आत काहीतरी घासल्याचा आवाज आला. कापडाचं टोक भोकात दिसलं. इंचाइंचाने पुढे सरकलं. त्याच्यामागे ते ढकलणारी दोन बोटं आली, पेरांपर्यंत. नखं निळी पडलेली होती. बोटं क्षणभर तिथेच राहिली. काकूंनी वाकून त्यांच्यावर आपला अंगठा ठेवला. मग ती मागे गेली.

मी टोकं पिळून एकत्र केली आणि वरून टेप गुंडाळली. पाठीमागे बाकाखाली ठेवलेल्या मीटरचा आकडा हलला. एक पूर्णांक सहा. दोन पूर्णांक दोन.

बाहेर काका काहीतरी सांगत होते. "...तेव्हा मी साहेबांना म्हटलं, की हद्द..." आणि थांबले.

दादाने विचारलं, "पाणी आणू का?"

"नको," काका म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "नको."

मी जोड पट्टीखाली सारला, पट्टीवर खिळे ठोकले आणि रिकामं कपाट लावून घेतलं. वळले तर काका दारात उभे होते. एक हात चौकटीवर. आधी ते काकूंकडे बघत होते, मग माझ्याकडे, मग माझ्या हातातल्या टेपकडे.

"झालं का काम, पोरी?"

"झालं," मी म्हटलं. "सॉकेट काढलं की चार्जरचा तोल जातो, म्हणून ठेवलंय. बॅटरीही राहू द्या."

माझं खोटं त्यांना कळलं की नाही, ते चेहऱ्यावर दिसलं नाही. ते चालकाच्या जागेवर जाऊन बसले. काकू त्यांच्या शेजारी गेल्या नाहीत, मागेच थांबल्या. आवारातून बाहेर पडेपर्यंत मला खिडकीतून त्या दिसत होत्या. कपाटाला पाठ टेकून जमिनीवर बसलेल्या. आणि बाजूच्या आरशात काका दिसत होते. रस्त्याकडे न बघता माझ्याकडे बघणारे.

दादाने हात पुसत विचारलं, "काय होतं?"

"जोड तुटला होता," मी म्हटलं. "लावून दिला."

"टिकेल ना?"

मी पिशवी आवरायला घेतली. फळीत बाहेर आलेली ती स्क्रूची टोकं डोळ्यांसमोरून हलेनात. आत कोंडलेला माणूस आतूनच फळी कशाला आवळेल?